फुफ्फुसांची बखर : सोलापूरच्या श्रमेतिहासातील एक कोरे पान

सोलापूरचा आधुनिक इतिहास लिहावयास बसले की काही प्रसंग आपोआप लेखणीवर येतात. १९३० च्या मे महिन्यातील उठाव आणि त्यानंतरचा मार्शल लॉ. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी गेलेले मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. चीनमध्ये रुग्णसेवा करताना देह ठेवणारे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, गिरण्यांचे भोंगे, आणि अर्थातच चादर. या इतिहासाविषयी आमची तक्रार नाही. तो अभिमानास्पद आहे आणि पुष्कळसा नीट लिहिलाही गेला आहे. तथापि ज्या शहराने सुमारे दीडशे वर्षे कापूस, रंग आणि तंबाखू या तीन पदार्थांवर आपले पोट भरले, त्या शहरातील माणसांच्या देहात हे तीन पदार्थ कसे शिरले आणि त्यांनी तेथे काय केले, याचा वृत्तान्त या इतिहासात जवळजवळ नाही.

पर्यावरणातील विष म्हटले की आपल्यासमोर भोपाळची १९८४ मधील रात्र उभी राहते, किंवा जपानमधील मिनामाता उपसागरातले पाऱ्याने विषारी झालेले मासे. अशा विषाला तारीख असते, गाव असते, आरोपी असतो. सोलापूरचे विष या जातीचे नाही. ते मजुरीबरोबर, मजुरीच्याच रूपाने, दररोज थोडे थोडे घरी आले. म्हणून त्याला बातमीमूल्य आले नाही, आणि पुढे इतिहासमूल्यही आले नाही.

साहित्याच्या अभ्यासकांना या विषयाकडे जाण्याची एक वाट ठाऊक असावयास हवी. एलिझाबेथ गास्केल या लेखिकेची 'नॉर्थ अँड साउथ' ही कादंबरी १८५४-५५ मध्ये डिकन्सच्या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तीत बेसी हिगिन्स नावाची एक तरुण मुलगी आहे. कापूस पिंजण्याच्या खात्यात काम करून तिची छाती कापसाच्या तंतूंनी भरून गेली आहे आणि ती मरणार हे तिला माहीत आहे. काही गिरण्यांत खात्याच्या एका टोकाला मोठे चाक बसवून ही धूळ बाहेर ओढून घेतात. पण चाकाला पैसे पडतात आणि त्यातून नफा काही निघत नाही, हे तीच नायिकेला समजावून सांगते. पुढे ती जे सांगते ते आम्हांला अधिक हलवून गेले. काही कामगारांनाच हे चाक नको असते. वर्षानुवर्षे कापूस गिळण्याची सवय झाल्यावर तो मिळेनासा झाला तर भूक जास्त लागते, म्हणून त्यांच्या मते चाक बसविल्यास मजुरीही वाढवून द्यावयास हवी! धुळीचा आणि भुकेचा हा हिशेब एखाद्या सरकारी अहवालात सापडणे कठीण. तो कादंबरीत सापडतो.

या रोगाला शास्त्रीय नाव मिळण्यास त्यानंतर वीस-बावीस वर्षे जावी लागली. ते नाव देणाऱ्या वैद्याचे आडनाव ऐकून साहित्याचा विद्यार्थी चमकेल. आद्रियाँ प्रूस्त हे फ्रान्समधील सार्वजनिक आरोग्यशास्त्राचे मोठे अधिकारी. मार्सेल प्रूस्त या कादंबरीकाराचे वडील. तलम वस्त्राला ग्रीक भाषेत असलेल्या 'बिसॉस' या शब्दावरून त्यांनी १८७७ मध्ये 'बिसिनोसिस' हा शब्द रूढ केला. मुलगा पुढे आयुष्यभर दम्याने बेजार राहिला, हा निव्वळ योगायोग आहे. त्याला आम्ही अधिक अर्थ चिकटवू इच्छीत नाही.

दुसरा योगायोग मात्र आमच्या विषयाशी थेट निगडित आहे. मोरारजी गोकुळदास यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी, म्हणजे ज्या गिरणीला गावाने पुढे 'जुनी गिरणी' म्हटले, ती याच १८७० च्या दशकात उभी राहिली. १८७६-७८ च्या दुष्काळाने जिल्हा होरपळत होता. रेल्वे येऊन पंधरा-सोळा वर्षे झाली होती; कापूस होता, आणि उपाशी हात मुबलक होते. पॅरिसमध्ये एका रोगाचे नामकरण होत असताना तो रोग निर्माण करणारी यंत्रे सोलापुरात येत होती. मागाहून लक्ष्मी, विष्णू, नरसिंगगिरजी, जाम अशा गिरण्या आल्या. निजामाच्या मुलखातून, तेलंगणातून, पद्मशाली विणकर आले आणि शहराच्या पूर्व भागात स्थिरावले. त्यांच्या बरोबर हातमाग आला आणि घराघरांत तेलुगू भाषा आली.

बिसिनोसिसचे एक लक्षण मोठे विलक्षण आहे. साप्ताहिक सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते, दम लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरे वाटते. कामगाराला वाटते, सुट्टीत आराम झाला म्हणून अंग जड झाले. मुकादमाला वाटते, सुट्टीत दारू झाली असेल. वस्तुतः कापसाच्या बोंडाभोवतालच्या वाळलेल्या पानांचा चुरा आणि त्यावर वाढणाऱ्या जिवाणूंचे विषद्रव्य श्वासनलिकांना डिवचत असते. एका दिवसाच्या विश्रांतीत शरीराची सोसण्याची सवय मोडते आणि पुन्हा पहिला झटका तीव्र बसतो. वर्षे गेली की तो पहिला दिवस लांबत जातो. मंगळवार, बुधवार, आणि शेवटी सबंध आठवडाच त्यात बुडतो. ब्लो-रूम आणि कार्ड खाते येथे धूळ सर्वाधिक. म्हातारपणी हा रोग साध्या जुनाट खोकल्याहून किंवा बिडीने आलेल्या दम्याहून वेगळा ओळखणे अवघड जाते. ब्रिटनमध्ये १९४० च्या दशकाच्या आरंभी या रोगासाठी भरपाई मिळू लागली. आपल्याकडेही कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे शासनाला कळविणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत, त्याचे नाव होते. पण यादीत नाव असणे निराळे आणि छाती तपासणारा वैद्य समोर असणे निराळे. मुंबईतील एका कापडगिरणीतील बिसिनोसिसचा अभ्यास 'नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया'त १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. तोवर मुंबईचा १९८२ चा संप होऊन गेला होता आणि गिरण्या मोडीत निघू लागल्या होत्या. प्रूस्त यांच्या नामकरणास तेव्हा ११८ वर्षे झाली होती.

सोलापूरच्या गिरणी कामगाराविषयी कागदपत्रे नाहीत असे कोणी समजू नये. १८८४ च्या मुंबई गॅझेटियरचा सोलापूर खंड आहे. १९२० च्या दशकात मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने सोलापुरातील कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली; धान्य, रॉकेल, घरभाडे, कर्जाचे व्याज यांच्या कोष्टकांचा अहवाल तीतून निघाला. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील रॉयल कमिशनने १९२९ ते १९३१ या काळात कामगारांचा प्रश्न देशभर तपासला. धनंजयराव गाडगीळांचा सोलापूर शहराविषयीचा सामाजिक-आर्थिक अभ्यास १९६५ मध्ये ग्रंथरूपाने आला. तो आजही वाचावा असा आहे. या कागदांतून कामगार काय खात होता, किती कर्जात होता, किती माणसे एका खोलीत राहत होती हे समजते. तो श्वास कसा घेत होता, हे मात्र समजत नाही.

याहून कठोर उदाहरण 'सेटलमेंट'चे आहे. गुन्हेगार जमाती कायद्याखाली सोलापुरात तारेच्या कुंपणात ज्यांना डांबले होते, त्यांतील अनेकांना गिरण्यांत कामास धाडले जाई. १९५२ मध्ये तो कायदा रद्द होईपर्यंत त्यांची हजेरी रोज घेतली जात होती. कोण कुंपणाबाहेर गेला, कोण परतला, हे सरकारला नेमके ठाऊक असे. माणसाची इतकी बारकाईने नोंद ठेवणारी दुसरी व्यवस्था क्वचितच असेल. त्या नोंदवहीला देह हवा होता तो पळू नये म्हणून; तो खोकतो आहे की नाही, हा तिचा विषयच नव्हता.

मराठी साहित्याने तरी ही उणीव भरून काढली काय? मामा वरेरकरांची 'धावता धोटा' आहे, नारायण सुर्वे यांची कविता आहे, जयंत पवारांचे 'अधांतर' आहे. गिरणगावाचे हे वाङ्मय मोठे आहे, पण ते बहुतांशी मुंबईचे आहे, आणि त्याच्या केंद्रस्थानी भाकरी, संप, युनियन, बेकारी आणि कुटुंबाची वाताहत आहे. ते स्वाभाविकही आहे. ज्याच्या चुलीत आज राख आहे त्याला वीस वर्षांनंतरच्या फुफ्फुसाची गोष्ट सांगणे विसंगत वाटते. आम्हांला बेसी हिगिन्सची मराठी बहीण अद्याप भेटलेली नाही, एवढेच नमूद करतो. कोणास ती भेटली असेल तर त्यांनी आम्हांला अवश्य कळवावे.

आता रंगाकडे वळू. १८५६ मध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या इंग्रज विद्यार्थ्याला कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यांशी खटपट करताना जांभळा रंग सापडला, आणि नीळ, आल, मंजिष्ठ अशा वनस्पतिजन्य रंगांचे युग ओसरू लागले. हातमागाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची तारीख १८८४ ही आहे. त्या वर्षी जर्मनीत 'काँगो रेड' निघाला. तोपर्यंत कापसावर रंग चढविण्यासाठी आधी तुरटीसारखे रंगबंधक लावावे लागे. हा रंग थेट पाण्यात विरघळवून सूत बुडविले की चढत असे. 'डायरेक्ट' रंगांचा हा वर्ग स्वस्त आणि सोपा. कढई, चूल आणि पाणी असले की अंगणात सूत रंगविता येते. अशा रंगांतील अनेकांचा पाया बेन्झिडीन हे द्रव्य होते.

१८९५ मध्ये लुडविग रेन या जर्मन शल्यचिकित्सकाने फ्रँकफुर्टजवळच्या रंगकारखान्यातील ४५ कामगारांपैकी तिघांना मूत्राशयाचा कर्करोग झाल्याचे आपल्या व्यवसायबंधूंसमोर मांडले. एवढ्या लहान समूहात एवढा विरळा रोग! १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अहवालात बेन्झिडीनचे नाव कर्करोगकारक म्हणून आले. यानंतरही रंग उत्पादकांचे म्हणणे असे की, बेन्झिडीन धोक्याचे असेल, पण त्यापासून तयार झालेला रंग निराळा. पुढे दिसून आले की आतड्यातील जिवाणू रंगाच्या रेणूतील 'अ‍ॅझो' बंध तोडतात आणि बेन्झिडीन पुन्हा मोकळे होते. १९७० च्या सुमारास क्योटो येथील किमोनो रंगविणाऱ्या कारागिरांमध्ये मूत्राशयाचा कर्करोग अधिक असल्याचे जपानी संशोधकांच्या ध्यानी आले. हे कारागीर कुंचल्याचे टोक जिभेवर ओले करून अणकुचीदार करीत असत. आपल्या कलेवर इतके प्रेम की ती तोंडात धरावी, आणि त्याचा परिणाम हा!

सोलापूरच्या रंगाऱ्याच्या जिभेवर कुंचला नव्हता, पण त्याचे हात कोपरापर्यंत कढईत होते. सुताच्या लडी रंगात फिरविणे, पिळणे, वाळविणे हे काम, त्यात कॉस्टिक सोडा आणि हायड्रो, वाफ आणि उकाडा. पूर्व भागातून जाताना लाल, निळे, हिरवे झालेले हात आम्ही विद्यार्थिदशेत पुष्कळ पाहिले. त्या वेळी आम्हांला ते चित्रमय वाटत. असो.

भारतात १९९३ पासून बेन्झिडीनवर आधारित ४२ रंगांवर बंदी आली आणि १९९७ मध्ये आणखी ७० अ‍ॅझो रंग त्यात आले. या दोहोंच्या मधोमध, १९९४ मध्ये, जर्मनीने अंगाशी येणाऱ्या वस्त्रांत अशा रंगांना मनाई केली होती. सोलापूरचा टेरी टॉवेल परदेशी जातो. निर्यातदाराला एकाएकी प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र लागू लागले. विष ओळखून बाजूला सारले गेले, ही निर्विवाद चांगली गोष्ट. रंगाऱ्याचाही त्यात लाभ झाला. पण ज्या कातडीची काळजी बाजारातून सोलापूरपर्यंत पोचली ती टॉवेल वापरणाऱ्याची होती. पूर्वी तोच रंग ज्यांच्या हातांवर वीस-तीस वर्षे मुरला त्यांपैकी किती जणांना पुढे लघवीतून रक्त गेले, हे विचारण्याचे कोणास सुचले नाही. बंदी पुढच्या काळाला लागू होते. मूत्राशयाचा हा कर्करोग मात्र संपर्कानंतर वीस-वीस वर्षांनी डोके वर काढतो.

आता तिसरा पदार्थ. सोलापुरात विडी वळणाऱ्या स्त्रियांची संख्या साठ हजारांहून अधिक सांगितली जाते. पुरुष मागावर आणि स्त्री विडीवर, ही पूर्व भागातील संसाराची ठरलेली रचना. १९६६ चा विडी आणि सिगार कामगार कायदा चांगल्या हेतूने झाला. हा कायदा आता नव्या श्रमसंहितेत विलीन झाला आहे. त्याने कारखान्यात हवा, उजेड, पाळणाघर, रजा यांची बंधने घातली, आणि देशभर अनेक मालकांनी त्यावर साधा तोडगा काढला: काम कारखान्यातून घरी धाडले. स्त्री तेंदूची पाने आणि तंबाखू घरी आणते, पाने भिजविते, पत्र्याच्या मापाने कातरते, मांडीवरच्या सुपातून चिमूट चिमूट तंबाखू घालून वळते, दोरा बांधते, आणि दुसऱ्या दिवशी तयार माल कंपनीत पोचविते. घरी काम असल्याने मुलांकडे लक्ष देता येते, हे खरेच. मुले तंबाखूच्या सान्निध्यात वाढतात, हेही तितकेच खरे.

तंबाखू ओढावी लागते असे नाही. निकोटीन त्वचेतून शिरते, धूळ नाकातून शिरते. मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी १९८० आणि १९९० च्या दशकांत तंबाखूवर प्रक्रिया करणाऱ्या आणि विडी वळणाऱ्या कामगारांचा अभ्यास केला. शरीरात निकोटीनचे जे कोटिनीन होते, ते या कामगारांच्या लघवीत मिळाले. पेशींतील जनुकीय द्रव्यास इजा होत असल्याच्या खुणाही मिळाल्या. आयुष्यात एकही विडी न ओढलेली बाई अशा रीतीने तंबाखू 'घेत' असते. डोके दुखणे, चक्कर, मळमळ, खोकला. ही लक्षणे इतकी घरगुती आहेत की त्यांना रोग म्हणावे असे घरातही कोणास वाटत नाही. निकोटीन नाळेतून गर्भाकडे आणि दुधातून बाळाकडे जाते.

काही वर्षांपूर्वी आम्ही वर्गात 'माझे घर' हा निबंध लिहावयास दिला होता. एका विद्यार्थिनीने लिहिले होते की, आमच्या घरात तंबाखूचा वास असतो असे पाहुणे म्हणतात, आम्हांला तो येत नाही. आम्ही त्या वाक्याखाली 'छान' असा शेरा मारला. निरीक्षण म्हणून ते वाक्य छानच होते, पण आपण काय वाचले हे आम्हांला पुष्कळ उशिरा उमगले.

विडीच्या पुडक्यावर आता मोठा चित्रमय इशारा असतो. २००९ पासून तो आला आणि १ एप्रिल २०१६ पासून ८५ टक्के जागा व्यापू लागला. तो ओढणाऱ्यासाठी आहे. तंबाखूविरोधी धोरण जसजसे कडक होत गेले तसतसा सोलापुरातील विडी कामगार संघटनांचा आवाज वाढला: आधी पर्यायी काम द्या. काही आरोग्यवादी मंडळींना ही भूमिका मालकधार्जिणी वाटते. आम्हांला ती तशी वाटत नाही. चाक नको म्हणणारे गास्केलचे कामगार येथे पुन्हा भेटतात. विष काढून घेताना त्याबरोबर आलेली भाकरीही कोणी काढून नेणार आहे काय, हा त्यांचा प्रश्न आहे आणि तो रास्त आहे.

या स्त्रियांनी मिळविलेली एक गोष्ट मात्र मोठ्या अक्षरांत लिहिण्याजोगी आहे. कॉम्रेड नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालील दीर्घ लढ्यातून कुंभारी येथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाने १०,००० घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते विडी कामगार स्त्रियांना घरे देण्यात आली. त्याच परिसरात रे नगर ही ३०,००० घरांची दुसरी योजना आली. तिच्यातील पहिल्या १५,००० घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी दिल्या. पत्र्याच्या खोपटातून पक्क्या घरात येणे ही लहान गोष्ट नव्हे. पण या स्त्रियांचे घर हाच त्यांचा कारखाना आहे. नव्या घराच्या नकाशात स्वयंपाकघर आहे, न्हाणी आहे. तंबाखू कोठे ठेवावयाची याची जागा नाही. ती मुले झोपतात त्याच खोलीत येते. घर आणि कारखाना एक होण्याची किंमत या शहराने १८ मे २०२५ रोजी निराळ्या रीतीनेही मोजली. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतील एका टॉवेल कारखान्यास पहाटे आग लागली. मालकाचे कुटुंब आणि कामगार तेथेच राहत होते. ८ माणसे गेली.

२०१९ मध्ये केंद्र सरकारने हवा शुद्धीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा हवेची मानके न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत सोलापूर होते. चौकाचौकांतील धूलिकण आता यंत्राने मोजले जातात. ते यंत्र रस्त्यावर असते. विडी वळणाऱ्या खोलीतील हवा, मागाच्या बोळातील हवा, रंगाच्या कढईवरील वाफ त्याच्या कक्षेत येत नाही. कारखाना होता तेव्हा निरीक्षक येण्याची निदान शक्यता तरी होती. घराच्या उंबऱ्याशी निरीक्षक थांबतो, आणि कायद्याच्या दृष्टीने त्याने थांबणे योग्यही असते.

या स्त्रियांच्या कामाची नोंद मुळीच होत नाही असे मात्र नाही. माल घेऊन कंपनीत गेले की वही उघडली जाते. दिलेली पाने वजन करून, दिलेली तंबाखू वजन करून, त्यांतून निघावयास हव्यात त्या विड्या मोजून. ज्या विड्या आखूड, सैल किंवा फाटक्या असतील त्या बाजूला काढल्या जातात आणि त्यांची संख्या निराळ्या रकान्यात लिहिली जाते.